हजारो लोकांच्या रक्तातले मेटॅबोलाइट भरवशाने कसे मोजावेत?

प्रश्न थोडक्यात असा आहे: महाराष्ट्रातल्या ग्रामीण आणि निमशहरी भागातल्या साधारण ५,००० प्रौढांचं रक्त दोन वर्षांत गोळा करायचं, पुढे त्यांच्यापैकी कोणाला मधुमेह होतो ते पाहायचं, आणि त्या रक्तातले मेटॅबोलाइट (अमिनो आम्लं, मेदाम्लं, शर्करा, होमोसिस्टीन असे छोटे रेणू) मोजायचे. मास स्पेक्ट्रोमेट्री (रेणू वस्तुमानावरून ओळखणारी पद्धत) घ्यावी की एनएमआर (रेणू चुंबकीय क्षेत्रातल्या संकेतांवरून ओळखणारी), क्यूसीचे (क्वालिटी कंट्रोल, म्हणजे मोजणी नीट चालली आहे का ते तपासायचे) नमुने किती ठेवावेत, आणि वेगवेगळ्या महिन्यांत मोजलेले आकडे एकमेकांशी जुळतील का?

यंत्राचा निर्णय शेवटी घ्या. अशा अभ्यासातलं बहुतेक नुकसान दंडातून रक्त निघाल्यापासून प्लाझ्मा (पेशी काढून उरलेला रक्तद्रव) फ्रीझरमध्ये गोठेपर्यंतच्या काही तासांत होतं, आणि ते पुढे कुठल्याही यंत्राला भरून काढता येत नाही.

मोजणीतल्या चुका दोन जातीच्या असतात. एक विखुरलेली: कुणाचा आकडा थोडा वर, कुणाचा थोडा खाली. तिच्यामुळे खरा संबंध फिका दिसतो, आणि जास्त माणसं घेऊन ते बऱ्याच अंशी सावरता येतं. दुसरी एका बाजूला झुकलेली आणि एखाद्या गटाला चिकटलेली: दूरच्या गावांचे नमुने नेहमी उशिरा पोचतात, मधुमेहींचे नमुने वेगळ्या नळीत आलेले असतात, पहिल्या वर्षीचे सगळे एका यंत्रावर आणि दुसऱ्या वर्षीचे दुसऱ्यावर. या चुकीवर संख्येचा इलाज चालत नाही. ५,००० चे ५०,००० केलेत तर खोटा निष्कर्ष आणखी ठाम होतो, एवढंच. म्हणून नियोजन करताना ‘चूक किती कमी’ यापेक्षा ‘चूक सगळ्यांना सारखी आहे का’ हे आधी विचारा.

याचं उत्तम उदाहरण यूके बायोबँक, हा ब्रिटनमधला संशोधनासाठीचा मोठा नमुनासाठा आहे. तिथे २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या सुमारे ५ लाख लोकांचं रक्त घेतलं. केंद्रांवर ते लगेच पूर्ण प्रक्रिया करून गोठवलं नाही. ४ अंशांवर थंड ठेवून रात्रीतून मध्यवर्ती प्रयोगशाळेत नेलं, म्हणजे प्रक्रियेला सुमारे एक दिवस गेला. आदर्श पद्धत ही नव्हे. लॅक्टेट आणि ग्लुकोजचे आकडे तिथे जपूनच वाचावे लागतात. तरीही तो साठा उपयोगी ठरला, कारण उशीर जवळपास सगळ्यांना सारखा होता आणि पुढे कोणाला आजार होणार याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

आता आपल्याकडचं उदाहरण. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ साली सुरू झालेल्या ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’चा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा होता: गरोदर स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश जणींचं बी-१२ जीवनसत्त्व १५० पिकोमोल प्रति लिटरपेक्षा कमी, ९० टक्के जणींचं मिथिलमॅलोनिक आम्ल ०.२६ मायक्रोमोल प्रति लिटरच्या वर, आणि ३० टक्के जणींचं होमोसिस्टीन १० मायक्रोमोलच्या वर. यातलं होमोसिस्टीन हा फार त्रासदायक रेणू आहे. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये (पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात) न फिरवता तसंच ठेवलं तर तांबड्या पेशी ते बाहेर सोडत राहतात आणि साध्या तापमानाला आकडा तासाला साधारण १० टक्क्यांनी चढतो. म्हणजे खरं होमोसिस्टीन ९ असलेल्या बाईची नळी दोन तास जीपमध्ये राहिली, तर अहवालात ११ च्या आसपास येईल आणि तिची गणना ‘वाढलेल्या’ गटात होईल. उलट मिथिलमॅलोनिक आम्ल उशिराने फारसं हलत नाही. बी-१२ कमी पडलं की ही दोन्ही चढतात, म्हणून बी-१२ ची कमतरता हा तुमचा विषय असेल तर दोन्ही मोजा. एक बदललं आणि दुसरं नाही, असं दिसलं तर आधी वेळेची नोंद उघडा.

ग्लुकोज याच्या उलट दिशेने जातं. पेशी ते खात राहतात, ताशी ५ ते ७ टक्क्यांनी ते घटतं आणि लॅक्टेट वाढतं. फ्लोराइडची करड्या झाकणाची नळी वापरली की प्रश्न सुटला असं समजलं जातं, पण फ्लोराइड एनोलेज या विकराला अडवतं आणि ते ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे ग्लुकोज मोडण्याच्या, साखळीत बरंच खाली आहे. वरचे टप्पे पुढचा तास-दोन तास चालूच राहतात. सायट्रेट घालून आम्लधर्मी केलेली फ्लोराइड नळी मिळाली तर ती घ्या, नाहीतर ग्लुकोजची नळीसुद्धा बर्फ-पाण्यात ठेवा. आणि ही नळी फक्त ग्लुकोजसाठी. तिच्यातल्या प्लाझ्मावर बाकीचे मेटॅबोलाइट मोजू नका.

वेळेबरोबर सरकणारे आणखी काही: आर्जिनिन घटून ऑर्निथीन वाढतं, कारण तांबड्या पेशींत आर्जिनेज असतं. ग्लुटामिन घटून ग्लुटामेट वाढतं. हायपोझँथिन वाढतं. यांचा एक फायदाही आहे. लॅक्टेट-ग्लुकोज आणि ऑर्निथीन-आर्जिनिन ही गुणोत्तरं गावागणिक, पथकागणिक मांडून पाहिली, की वहीत ‘३० मिनिटांत फिरवलं’ असं लिहिलेलं खरं होतं का ते कळतं.

‘रूम टेम्परेचर’ या शब्दाने फसू नका. शोधनिबंधांत त्याचा अर्थ २० ते २५ अंश असतो. विदर्भात मे महिन्यात शाळेच्या वर्गखोलीत ४० च्या पुढे पारा असतो आणि तिथे एक तास म्हणजे निबंधातला एक तास नव्हे. म्हणूनच एक गाव डिसेंबरात आणि दुसरं मे महिन्यात उरकायचं असं वेळापत्रक करू नका. प्रत्येक तालुक्याला दोन-तीन ऋतूंत फेऱ्या ठेवा, नाहीतर गावांमधला फरक कुठला आणि उन्हाचा कुठला हे कधीच वेगळं काढता येणार नाही.

आता प्रत्यक्ष रक्त काढणं. ‘उपाशी आहात का?’ हा प्रश्न आपल्याकडे निरुपयोगी आहे. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन आलेला माणूस खरेपणाने ‘हो, उपास आहे’ म्हणतो. सकाळचा चहा बहुतेकांच्या हिशेबात खाण्यात धरला जात नाही. म्हणून असं विचारा: काल रात्री शेवटचा घास किती वाजता खाल्लात? त्यानंतर चहा, दूध, फराळ, औषधाची गोळी? आज सकाळी तंबाखू किंवा मिश्री लावली का? उत्तर तास-मिनिटांत लिहा. ८ ते १२ तासांचा उपास हवा. १६ तास झाले असतील तर मुक्त मेदाम्लं आणि कीटोन चढलेले असतात, त्यामुळे फार लांबलेला उपासही नोंदवायलाच हवा. मिश्रीचा प्रश्न गाळू नका, कारण मास स्पेक्ट्रोमेट्रीत कोटिनिन (तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात बनणारा रेणू) लख्ख दिसतं आणि ‘धूम्रपान नाही’ असं लिहिलेल्या बायकांमध्ये ते आढळलं की विश्लेषक गोंधळतो.

माणसाला दहा-पंधरा मिनिटं खुर्चीत बसू द्या. उभ्या स्थितीत प्लाझ्मातलं पाणी ऊतींमध्ये उतरतं, त्यामुळे प्रथिनं आणि त्यांना बांधलेली द्रव्यं दाट दिसतात. दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या आत सोडा, मूठ उघड-मीट करायला लावू नका. नळ्यांचा क्रम पाळा: सीरमची (हिच्यात रक्त साकळू देतात) आधी, मग ईडीटीए (रक्त साकळू न देणारं द्रव्य), शेवटी फ्लोराइड. पोटॅशियम ईडीटीएचा थेंब सीरमच्या नळीत गेला तर तिथे पोटॅशियम वर आणि कॅल्शियम खाली दिसतं.

मेटॅबोलाइटसाठी माझा कौल ईडीटीए प्लाझ्माला आहे. सीरमसाठी रक्त साकळायला अर्धा तास द्यावा लागतो आणि तेवढ्यात बिंबाणू (प्लेटलेट) आपला माल बाहेर सोडतात. त्यात कुणाची नळी अर्धा तास, कुणाची दीड तास राहिली की झुकलेली चूक तयार. सायट्रेट नळीत द्रव असतो, तो रक्त पातळ करतो, शिवाय सायट्रेट हाच एक मेटॅबोलाइट आहे. ईडीटीएचेही स्वतःचे संकेत एनएमआरमध्ये दिसतात, पण ते ओळखीचे आहेत. नळीला जेल नको. व्हॅक्यूम नळ्यांची मुदत मर्यादित असते, त्यामुळे दोन वर्षांच्या नळ्या एकदम घेऊन ठेवता येत नाहीत. प्रत्येक लॉटचा क्रमांक नमुन्याशी जोडा आणि प्रत्येक लॉटमधल्या तीन नळ्यांत शुद्ध पाणी भरून तेही मोजा. झाकणाच्या रबरातून आणि प्लॅस्टिकमधून काय उतरतं ते त्यात दिसतं.

नळी आठ-दहा वेळा अलगद उलटी-सुलटी करून बर्फ आणि पाणी मिसळलेल्या डब्यात ठेवा. नुसत्या गोठलेल्या आइसपॅकला नळी चिकटली तर काठाचं रक्त गोठून पेशी फुटतात. पोटॅशियम मात्र या नळीवर मोजू नका. एक तर नळीत पोटॅशियमचंच ईडीटीए असतं, दुसरं म्हणजे थंडीत पेशींचा पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं.

अर्ध्या तासात, फार तर एका तासात सेंट्रिफ्यूज, ४ अंशांवर. इथे नेहमीची चूक म्हणजे प्रोटोकॉलमध्ये ‘३,००० आरपीएम’ (मिनिटाला फेऱ्या) लिहिणं. बल (‘जी’, म्हणजे गुरुत्वाच्या किती पट) फेऱ्यांवर आणि रोटरच्या त्रिज्येवर ठरतं: जी = ०.००००१११८ × त्रिज्या (सेंटिमीटर) × आरपीएमचा वर्ग. १६ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ३,००० आरपीएम म्हणजे सुमारे १,६०० जी, आणि १० सेंटिमीटरच्या छोट्या यंत्रावर तेच ३,००० म्हणजे १,००० जी. दुसऱ्या यंत्रातल्या प्लाझ्मात बिंबाणू जास्त उरतात, गोठवून वितळवताना ते फुटतात आणि स्फिंगोसिन-१-फॉस्फेट, टॉरिन यांसारखे रेणू वाढलेले दिसतात. २,००० जी, १५ मिनिटं. वरचा प्लाझ्मा काढताना पांढऱ्या थराच्या वरचा अर्धा सेंटिमीटर सोडून द्या. मोह होतो, पण सोडाच. शक्य असेल तर तो प्लाझ्मा नव्या नळीत पुन्हा एकदा फिरवा.

मग ०.३ ते ०.५ मि.लि.चे सहा-आठ भाग करा, स्क्रूच्या झाकणाच्या, खालच्या बाजूला बारकोड असलेल्या व्हायलमध्ये. मोठ्या व्हायलमध्ये थोडासा नमुना ठेवला तर वर्षानुवर्षं पाणी उडून तो दाट होतो. तांबूसपणा (तांबड्या पेशी फुटल्याची खूण) रंगपट्टीशी ताडून ० ते ३ असा लिहा, दुधाळपणाही लिहा. एका भागाने एकदाच वितळायचं. दोन वेळा वितळलेला आणि न वितळलेला नमुना एकाच विश्लेषणात मिसळायचा नाही.

उणे २० चा फ्रीझर ही साठवण्याची जागा नव्हे, फार तर त्या दिवसापुरता थांबा. उणे ८० हवा, आणि भारनियमनाच्या भागात जनरेटरच्या जोडीला तापमान नोंदवणारा लॉगर हवा. पडद्यावरचा आकडा पुरावा म्हणून पुरत नाही. ड्राय आइसने पाठवताना खोक्याच्या आकाराप्रमाणे दर २४ तासांना २.५ ते ५ किलो उडून जातो हे धरून भरा. झाकणं घट्ट आहेत का ते बघा. ड्राय आइस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. सैल झाकणातून तो शिरला तर नमुना आम्लधर्मी होतो.

हे सगळं ठरल्यावर, पण मुख्य अभ्यास सुरू होण्याआधी, एक छोटा प्रयोग करा. २० माणसं, प्रत्येकाच्या अनेक नळ्या. काही लगेच फिरवा, काही २, ४, ८ आणि २४ तासांनी. अर्ध्या बर्फात, अर्ध्या तुमच्या भागातल्या खऱ्या तापमानाला. यातून तुमच्या परिस्थितीत कोणते मेटॅबोलाइट टिकतात त्याची स्वतःची यादी मिळते. जे टिकत नाहीत त्यांच्यावर निष्कर्ष काढायचा नाही हे तेव्हाच लिहून ठेवा, निकाल पाहिल्यावर नव्हे.

आता यंत्र. एनएमआर एका नमुन्याला फार थोडी तयारी मागतं, आकडा थेट सांद्रतेत देतं आणि महिन्यांनंतरही जवळपास तोच देतं. उणीव ही की ते मायक्रोमोलच्या पातळीवरचंच बघतं. यूके बायोबँकेतल्या एनएमआर मोजणीत २४९ आकडे मिळाले, पण त्यातला मोठा भाग लिपोप्रोटीनच्या (रक्तातून चरबी वाहून नेणाऱ्या कणांच्या) उपप्रकारांचा आणि गुणोत्तरांचा. ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की त्यांना २४९ स्वतंत्र साक्षीदार समजू नये. मास स्पेक्ट्रोमेट्री नॅनोमोलपर्यंत उतरते, शेकडो वेगळे रेणू दाखवते, पण आकडा दिवसागणिक सरकतो. तुमच्या प्रश्नात अमिनो आम्लं आणि होमोसिस्टीन मुख्य आहेत, तर मी समस्थानिक-चिन्हित अंतर्गत मानकं (त्याच रेणूंची जड अणू असलेली रूपं, ठरलेल्या मात्रेत) घालून ठरावीक ५०-१०० रेणूंची मास स्पेक्ट्रोमेट्री करेन. ‘सगळंच बघू’ ही पद्धत साठवलेल्या भागांवर नंतरही करता येते. होमोसिस्टीनचा बराचसा भाग प्रथिनांना डायसल्फाइड बंधाने चिकटलेला असतो, त्यामुळे आधी तो बंध तोडणारी पायरी हवी. नुसती मिथेनॉलने प्रथिनं खाली बसवायच्या साध्या पद्धतीत तो येणार नाही. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वस्तुमान एकच आहे, हेही लक्षात असू द्या: कॉलमवर (यंत्राआधी रेणू वेगळे करणाऱ्या नळीवर) ते वेगळे झाले नाहीत तर अहवालात ‘बेरीज’ असं लिहा.

५,००० चं गणित मांडू. ९६ खळग्यांच्या प्लेटवर ८० अभ्यासाचे नमुने, ८ एकत्रित क्यूसी, ३ दीर्घकालीन संदर्भ, ४ पुनरावृत्त्या, १ कोरा. म्हणजे ६३ प्लेटा. एका इंजेक्शनला (एक नमुना यंत्रात सोडून मोजायला) १५ मिनिटं धरली तर एक प्लेट एक दिवस, आणि दोन पद्धतींनी मोजायचं असेल तर १२६ दिवस फक्त यंत्र चालू. स्रोताची सफाई, कॉलम बदल, बिघाड धरून पाच-सहा महिने. यंत्रवेळ आरक्षित करताना हा आकडा सांगा, म्हणजे मधेच दुसऱ्या यंत्रावर जावं लागणार नाही. कॉलम प्लेटच्या मध्ये कधीही बदलायचा नाही.

एकत्रित क्यूसी बनवायला सगळे ५,००० नमुने आधी वितळवता येत नाहीत. म्हणून पहिल्या १०० लोकांकडून १ मि.लि. प्लाझ्मा जास्त घ्या; १०० मि.लि. जमतो. एकत्र करून, नीट मिसळून अर्ध्या अर्ध्या मि.लि.च्या एकदाच वापरायच्या व्हायली भरा. प्रत्येक खळग्यात ५० मायक्रोलिटर, म्हणजे ८ क्यूसींना ४०० मायक्रोलिटर, एका प्लेटला एक व्हायल. दोन पद्धतींना मिळून १२६ लागतात, बाकीच्या राखीव. संदर्भ म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेचा, निस्टचा, एसआरएम १९५० हा मानवी प्लाझ्मा थोडा घ्या. तो महाग आहे, पण त्याच्यामुळे तुमचा आकडा दुसऱ्या देशातल्या आकड्याशी ताडता येतो.

क्यूसी दर दहा नमुन्यांमागे एक असा पेरा. सुरुवातीला पाच-दहा क्यूसी इंजेक्शनं नुसती कॉलम ‘बसायला’ द्या आणि ती हिशेबात धरू नका. प्रत्येक क्यूसी स्वतंत्र खळग्यात, नमुन्यांसारखीच मिथेनॉलने प्रथिनं खाली बसवून तयार करा. एकच तयार अर्क पुन्हा पुन्हा इंजेक्ट केला तर फक्त यंत्राची चूक दिसते, हातांची दिसत नाही. आणि उत्तम क्यूसीलासुद्धा गावातला उशीर दिसत नाही. एकत्रित क्यूसी चमकदार असतानाही अभ्यास सडलेला असू शकतो. यंत्राबाहेरच्या हाताळणीतला फरक पाहण्यासाठी २ ते ३ टक्के लोकांच्या त्याच दंडातून दुसरी नळी घ्या, वेगळा क्रमांक द्या आणि प्रयोगशाळेला सांगू नका.

नमुन्यांचा क्रम संगणकाने यादृच्छिक ठरवावा. मधुमेह झालेला आणि त्याच्याशी जुळवलेला निरोगी माणूस एकाच प्लेटवर शेजारी, त्यातला आधी कोण हे नाणेफेकीने. एकाच माणसाचे दोन वेळचे नमुने असतील तर तेही एकाच प्लेटवर.

‘क्यूसीचा फरक २० टक्क्यांच्या आत म्हणजे चांगलं’ हा मास स्पेक्ट्रोमेट्रीतला प्रचलित निकष अपुरा आहे. तो लोकांमधल्या खऱ्या फरकाशी ताडला पाहिजे. एखाद्या रेणूत लोकांमधला फरकच ८ टक्के आणि मोजणीची चूक १० टक्के असेल, तर एकूण विचरणातला (फरकांच्या वर्गांच्या बेरजेतला) ६१ टक्के भाग नुसती चूक आहे. उलट लोकांमधला फरक १०० टक्के असेल तर २५ टक्के चूकही विचरणाच्या ६ टक्केच भरते. २० टक्क्यांचा नियम पहिल्याला ठेवतो आणि दुसऱ्याला फेकतो.

शिवाय माणूस स्वतःही बदलतो. म्हणून १०० लोकांचं रक्त काही महिन्यांनी पुन्हा घ्या आणि इंट्राक्लास कोरिलेशन (एकाच माणसाचे दोन वेळचे आकडे किती जुळतात याचं माप) काढा. ते ०.५ आलं तर दिसणारा उतार (रेणूचा आजाराशी दिसणारा संबंध) खऱ्याच्या साधारण निम्मा असतो, ०.४० चा परिणाम ०.२० दिसेल. या १०० लोकांच्या फेरीवर खर्च झालेला पैसा मला नेहमी सगळ्यात सार्थ वाटतो, आणि खर्चाच्या यादीतून तीच फेरी आधी कापली जाते.

सरकलेले आकडे सावरायला क्यूसीच्या बिंदूंमधून लोएस वक्र (बिंदूंच्या कलाने जाणारी गुळगुळीत रेषा) काढून त्याने भागणं चालतं. प्लेटचं मध्यक समान करणं सोपं आहे, पण नमुने खरोखर यादृच्छिक पसरलेले असतील तरच. एका प्लेटवर मधुमेही जास्त असतील तर त्या दुरुस्तीने खरा फरकच पुसला जातो. यूके बायोबँकेच्या एनएमआर आकड्यांतही स्पेक्ट्रोमीटर, प्लेटवरची रांग-स्तंभ आणि तयारीपासून मोजणीपर्यंतचा वेळ यांचा ठसा सापडला आणि तो नंतर काढावा लागला. तिथेच जैवरासायनिक मोजणीत काही भाग स्वयंचलित यंत्रणेतल्या पाण्याने पातळ झाल्याचंही उघड झालं. तुमच्याकडे एखाद्या नमुन्यात सगळेच रेणू एकाच प्रमाणात खाली असतील तर तो आजार नसून पाणी असण्याची शक्यता आधी तपासा.

हे सगळं शोधता येतं ते फाइलमध्ये रकाने असतील तरच. प्रत्येक नमुन्यापुढे शेवटचा घास, रक्त काढल्याची, फिरवल्याची आणि गोठवल्याची वेळ, पथक, नळीचा लॉट, सेंट्रिफ्यूजचा क्रमांक, खोलीचं तापमान, तांबूसपणा, वितळण्याची संख्या, प्लेट, खळगा, इंजेक्शनचा क्रम आणि कॉलमचा क्रमांक हवा. पहिल्या पाच प्लेटा झाल्या की काम थांबवा, हे रकाने आणि आकडे एकमेकांसमोर मांडून पाहा, आणि मगच सहावी प्लेट लावा.